एसटीचं तिकीट फाडू नका

लहान मुलांच्या एका कुस्ती मैदानाला माझे गुण पाचातले सव्वाचार. पाऊण कशाबद्दल कापला ते पुढं येईलच, पण आधी कामाची गोष्ट: जाताना एसटीचं तिकीट फाडून टाकू नका. वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, गेलात तर कुठून बसला आणि किती दिले ते लक्षात ठेवा. मैदानावर पहिल्याच टेबलावर तेच विचारतात, आणि मी तिकीट चुरगाळून पलूस स्टँडवर टाकून गेले होते.

मी सांगलीत शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आणि गेली सहा वर्षं तालमींचे लंगोट-जांघ्ये. आमचे मालक (नवरा) जुने पैलवान, म्हणजे कान मोडलेले आणि गुडघा गेलेला. धाकटी लेक सहावीत, वय अकरा, वजन एकतीस किलो. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या सांगलीत झाली, आणि गदाही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. भावलीला लंगोट शिवून दे म्हणणारी पोर मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. पलूस तालुक्यात, कृष्णेच्या अंगाला, चारी बाजूंनी उसात बुडालेलं गाव आहे एवढं पुरे. ज्या पोराच्या आठवणीत हे लहान मुलांचं कुस्ती मैदान भरतं त्याचंही नाव लिहिणार नाही. त्याच्या आईनंच सांगितलं, "मैदानाचं लिहा ताई, त्याचं नाव फोनवर फिरायला नको." नावाशिवाय असं लिहिणं म्हणजे मीठ न घालता कालवण, हे मलाही कळतंय. पण ज्यांचं पोर तालमीत जातं त्यांच्या वस्तादाला हे मैदान ठाऊक असतंच. त्यांना विचारा.

पत्रकावर "सर्व मोफत" असं लिहिलेलं होतं. त्यावर मी सहजी विश्वास ठेवत नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी असंच "प्रवेश मोफत" वाचून गेलो, तर टी-शर्ट सक्तीचा, त्याचे तीनशे. जेवणाचं कूपन वेगळं. पोरीचा नंबर दुपारी दोनला म्हणून सांगितला आणि लागला रात्री नऊला. परतीची गाडी गेलेली, मग दोन हजारांची भाड्याची गाडी. मोफत कुस्ती आम्हाला पंचवीसशेला पडली. म्हणून या वेळी मी पर्समध्ये हजार रुपये वेगळे ठेवूनच निघाले होते.

तर ते पहिलं टेबल. कॉलेजातली एक पोरगी वही घेऊन बसलेली. "काकी, तिकीट?" मी म्हटलं, टाकलं. ती हसली नाही की रागावली नाही. "सांगलीहून ना? तिचं अर्धं, तुमचंही अर्धं," म्हणत तिनं बोटानं यादीत भाडं शोधलं, जाऊन-येऊन दोघींचं धरलं, वडापचे वेगळे मिळवले आणि माझी सही घेऊन पैसे हातावर ठेवले. मालकांचं पूर्ण तिकीट, पण ते मिळत नाही. पोराबरोबर एकाच माणसाचं भाडं देतात आणि तो नियम बरोबरच आहे. नाहीतर आमच्यासारखे लोक आजी-आजोबांसकट वऱ्हाड घेऊन जातील. टेबलामागच्या कापडी फलकावर कुठला फोटो नव्हता. "पोराच्या खिशाला हात लागू देऊ नका" एवढंच लिहिलेलं होतं. मला वाटलं पाकीटमारांपासून सावध राहायला सांगतायत. अर्थ निघताना कळला.

दुसरं टेबल नखांचं. दोन बायका नेलकटर घेऊन बसलेल्या आणि पोरं रांगेत हात पुढं करून उभी. घरूनच कापून न्या, अर्धा तास वाचेल. तिसऱ्यावर वजन. चौथ्या टेबलाबद्दल मात्र नीट लिहायला पाहिजे, कारण तसं टेबल मी दुसऱ्या कुठल्या मैदानावर पाहिलेलं नाही.

तिथं हाडांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट, आणि बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत सत्तरीचे एक वस्ताद. पांढरा पटका, मांडीवर हात. प्रत्येक पोराचे गुडघे, खांदे, कान बघत होते. अंगावर नायटा असेल त्याला त्या दिवशी मातीत उतरू देत नव्हते. तो एकाचा चारांना लागतो. चिठ्ठी लिहून मलम हातात देत आणि भाडं-जेवण-खुराक सगळं मिळणार हेही सांगत, म्हणजे पोरगं रडत परत जायला नको. तसली तीन पोरं मी पाहिली. तरी एक रडलंच.

डॉक्टर प्रत्येकाला तेच विचारत होते. "कुठं दुखतं का? रात्री झोपेत दुखतं? दुखून जाग येते?" आमची म्हणाली, "पळताना दुखतं, रात्री नाही." मग तिचा गुडघा दोन्ही हातांत धरून त्यांनी वाकवला, दुसऱ्याशी ताडून पाहिला आणि "जा" म्हणाले. मी विचारलं, रात्रीचंच का विचारता? डॉक्टर बोलायच्या आधी वस्ताद बोलले.

"तालमीतलं दुखणं विसावा दिला की उतरतं, बाई. जे विसाव्यानं उतरत नाही, रातचं उठवतं, आणि सूज वाढत जाते, त्याला तेल चोळायचं नाही. आधी फोटो काढायचा. मी चोळलं."

फोटो म्हणजे एक्स-रे. आणि चोळलं म्हणजे त्या पोराचा गुडघा चोळला.

सतरा वर्षांचं पोरगं. उंच, पायांत चपळ, त्या हिवाळ्यात जिल्ह्याला उतरायचं ठरलेलं. डाव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. कुस्तीत गुडघा दुखणं म्हणजे शिलाईत सुई टोचणं, कोण लक्ष देतं? सगळ्यांना वाटलं डाव खाताना मुरगळला असेल. हळदीचा लेप झाला, पट्टी झाली, वस्तादांनी रोज संध्याकाळी तेल लावून चोळलं. गुडघा भरून यायला लागला तसं आणखी जोरात चोळलं. दोन-अडीच महिने गेले. एक्स-रे काढला तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी मला जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते, मी काही वैद्य नाही. या आजाराला ऑस्टिओसारकोमा म्हणतात. पोरं झपाट्यानं वाढतात त्या वयात तो जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला नाहीतर नडगीच्या वरच्या टोकाला. कुस्तीनं होत नाही. मार लागून होत नाही. मार लागतो म्हणून आपलं तिकडं लक्ष जातं, एवढंच. आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. पुष्कळदा पाय वाचवता येतो. पण तो फुप्फुसात जातो, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. आणि हेही त्यांनी दोनदा बजावलं की शंभर दुखऱ्या गुडघ्यांत बहुतेक सगळे साधेच असतात, आया-बापांनी उगाच धास्ती घेऊ नये. मी मान हलवली. त्या दिवसापासून रोज रात्री पोरगी झोपली की तिचा गुडघा दाबून बघते, ही गोष्ट वेगळी.

"कुस्तीनं होत नाही" हे डॉक्टर म्हणाले तेव्हा वस्ताद दुसरीकडं बघत होते. हे वाक्य त्यांनी त्या खुर्चीत बसून त्या दिवसात शंभर वेळा ऐकलं असेल. मालक नंतर म्हणाले, म्हाताऱ्याला मुद्दामच तिथं बसवलं असणार. असेलही.

पोराचा पाय वाचला होता. ऑपरेशननंतर कुबडी घेऊन तो तालमीत यायचा, हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, काठावर बसायचा आणि लहान पोरांच्या जोडी लावायचा. पुढं दीडेक वर्षात फुप्फुसानं नेलं. त्याची वही मागं राहिली. तीच वही, म्हणजे तिची आखणी, आज या मैदानावर चालते, आणि या मैदानाची सगळ्यात भारी गोष्ट माझ्या मते ती वहीच आहे.

जोड लावणं ही काय चीज आहे ते ज्यांनी पोर मैदानात उतरवलंय त्यांनाच कळेल. गावच्या मैदानावर पोरांना एका ओळीत उभं करतात, कोणीतरी पुढारी दोघांचे हात धरून "हं, ही जोड" म्हणतो आणि हलगी वाजते. उंची सारखी दिसली की झालं. एकानं तीन वर्षं माती खाल्लेली असते आणि दुसरा काल आलेला असतो. इथल्या वहीत प्रत्येक पोराचे तीन रकाने आहेत. वजन, तालमीत किती दिवस, आणि तिसरा: "भितंय का?" पोराला वेगळं घेऊन विचारतात, आई-बापासमोर नाही. आमचीला विचारलं तेव्हा मी लांबून बघत होते. ती काय म्हणाली ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. भिणाऱ्याला भिणाऱ्याशी लावतात. त्या पोरानं कुबडीवर बसून काढलेली युक्ती. दिवसभरात एकही पोर मातीतून पळून गेलं नाही. बाकी मैदानांवर दोन-तीन तरी जातात, लोक हसतात, आणि ती पोरं परत तालमीचं तोंड बघत नाहीत.

आता माती. आमच्या मालकांनी हौद्यात पाय ठेवायच्या आधी मूठभर उचलली, चोळली, वास घेतला. चार दिवस आधी खणलेली, खडे चाळून काढलेले, ताक, तेल, लिंबू, कापूर सगळं पोटात गेलेलं. ओलही अंगाला चिकटेल एवढीच. "माती चांगली. हळद मात्र हात राखून टाकलीय," म्हणाले. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सांगली जिल्ह्यातल्याच आखाड्यात हळद कमी, यावर ते बसल्या जागी दहा मिनिटं बोलले. यासाठी मी गुण कापलेले नाहीत. त्यांनी कापले असते.

कुस्त्या तीनला सुरू होणार होत्या. झाल्या चारला. मधला तास कुठं गेला? सत्कारात. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो, आणि ज्यांना फेटा बांधला त्यांचे दोन शब्द. मी मोजले, सतरा फेटे. पोरं उन्हात जांघ्यावर उभी. दुखवट्याच्या घरानं बोलावलं म्हणून येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण मग फेटे कुस्त्या झाल्यावर बांधा. पहिला पाव गुण इथं गेला.

निवेदक चांगला होता, जरा जास्तच चांगला. कवठे पिरानच्या मारुती मानेंनी १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत सोनं आणलं ते त्यानं चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा टाळ्या पडल्या. पण त्याची एक सवय मला फार आवडली. कुस्ती निकाली झाली की तो आधी डावाचं नाव सांगायचा. "ही लागली लपेट, बघितली का पोरांनो, हात कुठं होता?" मग हरलेल्याचं नाव-गाव आणि तालीम, आणि शेवटी जिंकलेल्याचं. आजूबाजूची पोरं नुसती ओरडत नव्हती, आपसांत तो डाव करून बघत होती. माझ्या पायाशी बसलेल्या दोन चिल्ल्यापिल्ल्यांनी एकमेकांना माझ्या पिशवीवर चितपट केलं.

आमचीची जोड कराडकडच्या एका पोरीशी लागली. वजन तीस किलो, तालमीत सव्वा वर्ष. तिच्याबरोबर आलेला मामा गोळेश्वरच्या शेजारच्या गावचा. त्यामुळं जोड लागल्यापासून कुस्ती सुरू होईपर्यंत आम्हाला गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव ऐकावे लागले. १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले ते. पाठ आहे आम्हाला, तरी ऐकलं. साताऱ्याच्या माणसाला खाशाबांवर बोलताना थांबवायचं नसतं. शिवाय पैशावाचून पोरगं अडतं कसं, ते त्या मैदानावर ऐकताना वेगळंच वाटलं.

हलगी वाजली. दोघींनी माती लावली, हात मिळवले. पहिलं मिनिट नुसती खडाखडी, डोक्याला डोकं. मग आमचीनं खाली वाकून पट काढायला (पाय धरून पाडायला) घेतला. चांगला घेतला होता, मी घरी गादीवर शंभरदा पाहिलाय. पण ती कराडची पोर मागं बसली आणि वरून कब्जा घेऊन पाठीवर आली. आमची पालथी पडून राहिली. चिकट आहे ती, सोडत नाही. मालक ओरडत होते, "बूड उचल, बूड उचल!" तिनं उचललं, सुटली, उभी राहिली. आणि तिथं घोळ झाला.

मैदानाकडून पोरांना जांघ्या आणि पोरींना टी-शर्ट-शॉर्ट देतात. नवं कोरं, ठेवायला. फार चांगली गोष्ट. पण त्या शॉर्टची नाडी. मी हातात घेतल्याबरोबर म्हटलं होतं, ही टिकायची नाही. नेफा रुंद, नाडी बारीक नायलॉनची, मध्ये एक टाकाही मारलेला नाही. नायलॉनची गाठ घामानं सुटते. कुस्तीच्या कपड्याला सुती चपटी नाडी लागते आणि मागच्या बाजूला ती नेफ्यासकट शिवून टाकायची असते. मी पर्समध्ये सेफ्टी पिन शोधत होते, मालक म्हणाले मातीत पिन लावतात होय? खरंच होतं. तर उभं राहताना आमचीची शॉर्ट घसरली आणि तिचा डावा हात कमरेला गेला. एक क्षण. समोरचीनं उजवा हात बगलेत घेतला, कंबर आत घातली आणि ढाक लावली. पोरीची पाठ मातीला लागली तेव्हाही डावी मूठ नाडीवरच होती.

मालक म्हणतात, हरायची ती हरलीच असती, नाडीला दोष देऊ नको. असेल. दुसरा पाव गुण नाडीचा.

तिसरा पोरींच्या सोयीचा. कपडे बदलायला पडद्याची खोली होती, आरसासुद्धा होता. पण संडास मैदानापलीकडं शाळेत, शाळेला कुलूप, किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई कुस्त्या बघण्यात दंग. एका आईनं त्याला हाताला धरून आणला. त्या दिवशी पोरी वीसेक आणि पोरं शंभराच्या वर होती. पोरी वाढाव्यात असं वाटत असेल तर आधी त्या किल्लीचं बघा.

जेवणात काही कमी नाही. भाकरी, मटकीची उसळ, आमटी-भात, ताक. कुस्ती झालेल्या पोरांना वेगळी ओळ: केळी, दूध, उकडलेली अंडी, आणि दगडी खलात घोटलेली थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. दूध गावातल्या घराघरांतून आलेलं. माझ्या पंगतीला तो कराडचा मामाच होता. त्याचा भाचा अमेरिकेत टेक्सासला. त्यानं फोनवर तिकडच्या पोरांच्या रोडिओचा व्हिडिओ दाखवला. पाच-सहा वर्षांची पोरं डोक्याला हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर पालथी चिकटलेली, मेंढी उधळते, पोर धुळीत पडतं, उठतं, लोक टाळ्या वाजवतात. मोठी झाली की बैलावर बसायचं, एका हातानं धरून आठ सेकंद टिकायचं. शेजारचे वस्ताद चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, "मेंढीवर बसायला मैदान कशाला? आमच्या आटपाडीकडं धनगराची पोरं रोज बसतात की." मग जरा वेळानं, "पण पडलेलं पोर लगेच उठतंय हे बरंय," म्हणाले आणि भाकरी चुरायला लागले.

बक्षिसाचं सांगायचं राहिलं. इथं इनाम नाही. प्रत्येक पोराला, जिंको वा हरो, पाव किलो बदाम आणि खुराकाचे तीनशे रुपये, पाकिटात. जिंकणाऱ्याला जास्तीचा एक नारळ. बस. यावरून आमच्यात पलूस ते सांगली भांडण झालं. मालकांचं म्हणणं, सारखंच मिळणार असेल तर पोरगं जीव तोडून कशाला लढेल? जुन्या जत्रेत पोरं रेवड्यांवर लढायची, पण त्या जिंकणाऱ्यालाच मिळायच्या, म्हणून पैलवान तयार झाले. मी म्हटलं, हरलेल्या पोरालाच खुराकाची गरज जास्त. ते म्हणाले, हा शिवणक्लासचा हिशेब झाला. मला त्यांचं थोडं पटतंही. कारण आमची पोरगी पाकीट-बदाम सगळं मांडीवर घेऊन गप्प बसली होती आणि मध्येच म्हणाली, "नारळ पाहिजे होता."

निघायच्या आधी मी नाडीबद्दल बोलायला गेले. सांगितलं नसतं तर मला झोप लागली नसती. मंडपामागं एक बाई पातेली मोजत होत्या, त्यांनाच सांगितलं. नेफा, नायलॉन, टाका, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, शॉर्ट उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही." त्या पोराची आई. मला बसल्या जागी घाम फुटला. दुखवट्याच्या बाईला नाडी ऐकवत बसले! पण त्यांनी खुर्ची ओढली.

त्या फारसं रडल्या-बिडल्या नाहीत. हिशेबाचं बोलल्या. पोराचा इलाज मुंबईत परळला झाला, सरकारी योजनेतून. "लोक म्हणायचे, बरंय, तुम्हाला फुकट झालं. इलाजाला पैसे घेतले नाहीत, खरंच नाही घेतले, डॉक्टरही देवमाणसं. पण किर्लोस्करवाडीला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, दर खेपेला तिघं. तिथं खोली. डबा. ह्यांचा रोज बुडायचा. त्याला केमोनंतर काही चालायचं नाही, दोन घास खाईल ते विकत आणायचं. पहिल्या वर्षी एक म्हैस गेली, दुसऱ्या वर्षी दुसरी. फुकटात दोन म्हशी गेल्या ताई." शेवटी शेवटी तो स्वतःच म्हणायचा, आता नको जाऊया, तिकिटाला पैसे नाहीत मला माहितेय. खिशात हात घालून दाखवायचा, हे बघ माझ्याकडं पण नाहीत.

मग फलकाचा अर्थ कळला.

मैदान पहिल्यांदा करायचं ठरलं तेव्हा गावानं मोठं इनाम लावायचं म्हटलं होतं, लाखाची कुस्ती, नामवंत पैलवान. त्याच्या नावाला शोभेल असं. बाई एकट्या अडून बसल्या: लहान पोरांचं करायचं, आणि घरातून निघाल्यापासून घरात परत येईपर्यंतचं सगळं द्यायचं. पैसा आता गावची तरुण मंडळी, तालमीतली जुनी पोरं आणि उसाचं बिल आलं की काही शेतकरी घालतात. हिशेबाची वही पहिल्या टेबलावर ठेवलेली असते, कुणीही उघडून बघावी. मी बघितली. नेलकटर चार, लिंबं दोनशे, हलगीवाले, मलम. शिल्लक नव्वद रुपये.

पर्समधले हजार परत आणले. चुकून म्हणून गेले, पेटीत टाकते. पेटीच नव्हती.

कुणी जाणार असेल तर: नखं घरून कापा. पोरीला आतून स्वतःची घट्ट शॉर्ट घालून न्या. अंगावर नायटा असेल तर लपवू नका, ते बघतातच. सकाळी साडेदहापर्यंत पोचा, वजन बाराला बंद करतात. शाळेच्या किल्लीचं आल्या आल्या विचारून ठेवा. उन्हाची टोपी. आणि तिकीट.

एक गोष्ट लपवून ठेवायची नाही म्हणून सांगते, म्हणजे माझ्या सव्वाचारातून कुणाला काही वजा करायचं असेल तर करता येईल. पुढच्या वर्षीच्या जांघ्यांचं आणि शॉर्टांचं काम मी घेतलंय. कापड त्यांचं. शिलाई नको म्हटलं तर बाई चिडल्या. "मोफत पोरांना आहे, तुम्हाला नाही," म्हणाल्या. नगाला पंचेचाळीस ठरले, सुती नाडी धरून.